स्वस्त सेमी-हॉलो बेस: घेताना आणि सुधारताना

सेमी-हॉलो बेस गिटार दोन्ही बाजूंना पोकळ असते, मधोमध मात्र लाकडाचा भरीव ठोकळा असतो. गिब्सनची १९५८ची ईबी-२ ही या घडणीची जुनी ओळख. पॉल मॅकार्टनीची हॉफ्नर ५००/१ पूर्ण पोकळ, म्हणजे वेगळ्या जातीची. ठोकळ्यामुळे स्वर अधिक टिकतो आणि अॅम्प्लिफायरजवळ फीडबॅकचा त्रास कमी होतो.

आयबानेझ एजीबी२००सारख्या स्वस्त वाद्यांत तारांची स्केल लांबी सुमारे ३० इंच असते. फेंडर प्रिसिजनची ३४. त्यामुळे तारा शॉर्ट-स्केलच्याच घ्याव्यात. खरेदी करताना सर्वांत आधी नेक पाहावी. पिकअप, पॉट, जॅक पुढे बदलता येतात. पिळलेली नेक सरळ करणे स्वस्त वाद्याला परवडत नाही. पट्टा लावून हात सोडल्यावर नेक खाली झुकते का, हेही तपासावे. झुकत असल्यास हलक्या ट्युनिंग खुंट्या बऱ्याचदा पुरतात.

पहिला बदल तारांचा. फ्लॅटवाउंड तारांनी स्वर गोल, जाड होतो. पण ताण वाढल्यास ट्रस रॉड आणि इंटोनेशन पुन्हा जुळवावे लागते. तरंगता ब्रिज असेल तर तारा एकेक करून बदलाव्यात, नाहीतर ब्रिज जागेवरून सरकतो.

वायरिंग हे सर्वांत किचकट काम. बहुतेक मॉडेलना मागे झाकण नसते, त्यामुळे पॉट एफ-आकाराच्या छिद्रातून बाहेर काढावे लागतात. काढण्यापूर्वी प्रत्येकाच्या दांड्याला दोरा बांधला, तर नवा पॉट त्याच दोऱ्याने जागेवर ओढून घेता येतो.