सुई उचलली ती जागा

उत्तर लंडनमधल्या त्या लहानशा घराचं दार उघडताच जुन्या कागदाचा कुबट वास आला. भिंतभर रेकॉर्ड्स, जिन्याखाली पिवळ्या पडलेल्या साप्ताहिकांचे गठ्ठे. अल्ट्राव्हॉक्स या बँडचं ‘व्हिएन्ना’ तेव्हा कसं ऐकलंत, एवढंच विचारायला मी या निवृत्त समीक्षकाकडे आले होते. जानेवारी 1981 मध्ये सिंगल म्हणून आलेलं हे गाणं ब्रिटनच्या यादीत चार आठवडे दुसऱ्या क्रमांकावरच अडकलं. वर आधी जॉन लेननचं ‘वुमन’, मग जो डॉल्चेचं ‘शडप यू फेस’ हे गमतीचं गाणं. लोकांनी जवळ केलेल्या अशा सिंथेसायझरच्या गाण्यांना रॉक समीक्षक मात्र सर्रास ‘थंड’, ‘भपकेबाज’ म्हणत. हे शब्द कुठल्या टेबलावर जन्मतात, ते मला बघायचं होतं.

“चार ओळी,” ते म्हणाले. “एका सिंगलच्या वाट्याला चार ओळी.”

आठवड्याच्या रेकॉर्ड्स खोक्यातून येत. एकाच माणसाने त्या सगळ्या ऐकायच्या आणि वेळेत मजकूर टाइप करून द्यायचा. पंकची धग अजून विझली नव्हती. गिटार खरी, यंत्र खोटं, हे मनात आधीच पक्कं.

त्यांनी रेकॉर्ड पुसली, सुई टेकवली. ड्रम मशीनचा छातीतल्या ठोक्यांसारखा संथ ठेका, त्यावर सिंथेसायझरचे लांबलेले सूर, मग गायक मिज यूरचा आवाज. दोन मिनिटं होऊन गेली आणि त्यांचं बोट हवेत थांबलं.

“इथे मी सुई उचलली होती.”

त्याच्या थोडंच पुढे बँडमधल्या बिली करीचा व्हायोला होता. तो आला तशी लय चढली, पियानो सोबत धावला. यंत्रांच्या गारठ्यात लाकूड आणि तार तापल्यासारखी झाली, आणि गाणं पुन्हा आपल्या संथ चालीवर उतरलं. विलंबित ख्याल ऐकत वाढलेल्या मला ती आधीची वाट जड गेली नाही. त्या संथपणाशिवाय ती चढण कळतच नाही. पण जवळपास पाच मिनिटांचं गाणं चार ओळींत बसवायचं, तर वाट बघणार कोण?

“गाण्याचे शब्द मला आजही पोकळच वाटतात,” ते म्हणाले. “पण व्हायोलाबद्दल मी काही लिहिलंच नाही. ऐकलाच नव्हता.”

मला हा माणूस आवडला. पोकळ म्हणण्याचा त्यांचा हक्क मला मान्य आहे. फक्त तो हक्क शेवटच्या सुरानंतर मिळतो. 2013 मध्ये जाहीर झालेल्या बीबीसी रेडिओ 2 च्या मतदानात, दुसऱ्या क्रमांकावर थांबलेल्या गाण्यांतलं सर्वांत लाडकं म्हणून श्रोत्यांनी ‘व्हिएन्ना’ निवडलं. त्यांना चार ओळींची घाई नव्हती.

निघण्याआधी मी गाणं पुन्हा लावायला सांगितलं. व्हायोला येईपर्यंत ते दोन्ही हात मांडीवर घट्ट दाबून बसले होते.