भोईरवाडी, बोडकेवाडी आणि फेज थ्री

हिंजवडीच्या आयटी पार्कात ज्याला 'फेज थ्री' म्हणतात, तो बराचसा भाग मुळशी तालुक्यातल्या माण गावचा. भोईरवाडी, बोडकेवाडी या माणच्याच वाड्या. पत्ता सांगताना आता टॉवरचे नाव आधी येते. वाडीचे नाव निघते ते कुरिअरवाला चुकला तरच.

नव्वदच्या दशकापर्यंत इथला हिशेब पावसावर चालायचा. बांध घातलेली भातखाचरं, त्यांत आंबेमोहोर, पुढे इंद्रायणी; रब्बीला हरभरा. विहिरीला पाणी असेल तो ऊस लावायचा आणि कासारसाईच्या संत तुकाराम कारखान्याला घालायचा. पिंपरी-चिंचवडच्या कंपन्यांत लागलेली पोरं सुगीला रजा टाकून घरी यायची.

त्या दशकाच्या अखेरीस एमआयडीसीचा राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभा राहू लागला. आधी हिंजवडीची जमीन गेली, मग टप्प्याटप्प्याने माणची. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत एमआयडीसीची नोंद चढली, की ती जमीन ना विकता यायची ना तिच्यावर कर्ज मिळायचे. पुढच्या संपादनाला माणच्या शेतकऱ्यांनी कडाडून विरोध केला. तालुक्याला हे नवे नव्हते. 1921 मध्ये टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीचा सत्याग्रह झाला, सेनापती बापटांनी तो लढवला, आणि तरीही मुंबईच्या विजेसाठी खोरे पाण्याखाली गेलेच.

जमिनीच्या पैशाची पुण्यात भरपूर चेष्टा झाली. गुंठामंत्री, गळ्यातल्या साखळ्या, पांढरी गाडी. चेष्टा करणाऱ्यांतल्या कितीकांनी त्याच जमिनीवर फ्लॅट बुक केला, ते सोडून देऊ. पैसा घरात आल्यावर काय झाले, ते मात्र बघण्यासारखे आहे. एकरात बोलणारी माणसे गुंठ्यात बोलू लागली, कारण भावकीत वाटप होऊन हाती उरत होते तेवढेच. माहेरी आलेल्या बहिणीला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर अंगठा घ्यायचा, साडी-चोळी करून पाठवायचे, ही जुनी रीत. जमिनीला भाव नव्हता तोवर ती खपून गेली. भाव चढल्यावर बहिणी वकिलाकडे गेल्या. रक्षाबंधन बंद पडलेली घरे या पट्ट्यात शोधावी लागत नाहीत. दोष बहिणींना दिला गेला. माझ्या मते तो त्या साडी-चोळीचा होता.

आणखी एका नुकसानीची नोंद कुठल्याच मोबदल्याच्या यादीत नाही. भाताची आवणी बायका करायच्या. सातबाऱ्यावर त्यांचे नाव नव्हते, त्यामुळे शेत गेले तेव्हा मजुरी बुडाल्याचे पैसे कोणी मोजले नाहीत. मग कोणी सोसायट्यांत स्वयंपाकाची कामे धरली, कोणी बॅचलर पोरांचे डबे सुरू केले. ज्यांच्याकडे दोन गुंठे उरले त्यांनी खोल्या बांधल्या. खाली दुकानगाळा, वर एकाला एक लागून खोल्या, गच्चीवर काळ्या टाक्यांची रांग. भातापेक्षा भाडे भरवशाचे, हे कबूल करायला हवे.

खाचरांचे आणखी एक काम होते, ते ती गेल्यावर कळले. डोंगरउताराचे पाणी ती अडवून धरायची आणि सावकाश ओढ्याला सोडायची. बांधकामांनी ओढे बुजवले, वळवले. 2025 च्या पावसाळ्यात आयटी पार्कातले रस्ते तुंबले, त्यांचे व्हिडिओ देशभर फिरले. पाणी कुठे साचणार, हे गावातला कोणीही म्हातारा बोट दाखवून सांगू शकला असता. बांधकामाचे नकाशे मंजूर करताना त्याला विचारायची पद्धत नाही.

कारभाराचा गुंता तर वेगळाच. महामार्गापलीकडचे वाकड 1997 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेले. हिंजवडी आणि माणला ग्रामपंचायतच राहिली. वर एमआयडीसी, 2015 पासून पीएमआरडीए म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. गटार तुंबले की प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. नावांतही वाड्या मागेच पडल्या: माण ते शिवाजीनगर मेट्रोच्या 23 स्थानकांपैकी माणकडचे पहिले स्थानक आहे 'मेगापोलिस सर्कल'. त्यानंतर ओळीने कंपन्यांची नावे.

महापालिकेत जायचे का, यावर गावात आजही दोन तट आहेत. गेलो तर रस्ता-गटाराला कोणीतरी एक धनी मिळेल, असे एक म्हणतो. दुसरा वाढणारी घरपट्टी मोजतो, आणि परवानगीविना चढवलेल्या मजल्यावर येणारी नोटीस. ज्याची चूल खोल्यांच्या भाड्यावर पेटते, त्याला या दुसऱ्याचे म्हणणे लवकर पटते.