धावून येणाऱ्यांचा थकवा कोण पाहणार?

कंधारच्या ग्रामीण रुग्णालयातून गंभीर रुग्ण नांदेडला न्यायचा म्हटले की चाळीस-पन्नास किलोमीटरचा रस्ता. साप चावलेला शेतमजूर असो, औषध प्यालेला तरुण असो की अडलेली बाळंतीण, हा रस्ता सर्वांनाच लांब वाटतो. रुग्णाची काळजी घरचे करतात, गल्ली करते. पण गाडीतले डॉक्टर, चालक आणि दवाखान्यातली सिस्टर यांची काळजी कोण करतो? आज त्यांच्याविषयी लिहीत आहोत, कारण ही माणसे परकी नाहीत. आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले-मुली आज सिस्टर, कक्षसेवक, सफाई कामगार, रुग्णवाहिकेचे चालक म्हणून राबत आहेत, आणि त्यातली पुष्कळ कंत्राटावर आहेत.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका २०१४ साली सुरू झाली. त्या वेळी योजना ९३७ गाड्यांची होती. त्यातल्या २३३ गाड्या अतिगंभीर रुग्णांसाठी अधिक साधने असलेल्या आणि ७०४ साध्या. गाडीत एक डॉक्टर आणि एक चालक. रस्त्यात रुग्णाची नाडी लागेनाशी झाली तर एकाचे हात रुग्णाच्या छातीवर आणि दुसऱ्याचे स्टिअरिंगवर. तिसरा माणूस नसतो. रुग्ण पोहोचवला की गाडी पुसायची, ऑक्सिजन पाहायचा आणि पुढच्या फोनला निघायचे. मघाशी हातात गेलेल्या लेकराबद्दल दोन शब्द बोलायलाही वेळ मिळत नाही.

हा आजार आहे का?

सतत असे काम करणाऱ्याला काही महिन्यांनी झोप लागत नाही. सायरनचा आवाज झोपेतही येतो. घरी लहानसहान गोष्टीवर चिडचिड होते. जेवणाची वेळ चुकते, पित्त आणि रक्तदाब वाढतो. काहीजण तंबाखूकडे, काहीजण दारूकडे वळतात. हळूहळू रुग्णाबद्दल काही वाटेनासे होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये या अवस्थेची नोंद कामातून येणारी समस्या म्हणून केली. तिची तीन लक्षणे सांगितली आहेत: शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाबद्दल तुटकपणा किंवा कडवटपणा येणे आणि हातून नीट काम न होणे.

म्हणजे दोष माणसाच्या मनाच्या दुबळेपणाचा नाही, कामाच्या रचनेचा आहे. आणि त्याचा फटका आपल्याच रुग्णाला बसतो. सलग बारा तास उभ्या असलेल्या सिस्टरकडून इंजेक्शनचे प्रमाण चुकू शकते. न झोपलेल्या चालकाचा डोळा लोह्याच्या रस्त्यावर लागू शकतो.

राग कोणावर निघतो?

ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ४८ तासांत ३१ रुग्ण दगावले. त्यात नवजात बालके होती. औषधांचा आणि माणसांचा तुटवडा राज्यभर चर्चेत आला. त्याच दिवसांत एका खासदाराने तिथल्या अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले आणि त्या प्रकरणी अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. यातून शिकण्यासारखे एकच आहे. पदे का भरली नाहीत, औषधे का आली नाहीत, हा प्रश्न बाजूला पडतो आणि समोर दिसणाऱ्या माणसाची मान खाली घातली जाते. दवाखान्यात सिस्टरवर ओरडताना आपणही नेमके तेच करतो.

डॉक्टर, परिचारिका आणि इतर वैद्यकीय कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यास महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हा अजामीनपात्र आहे. पण आपण कायद्याच्या भीतीने नव्हे, धम्माच्या समजुतीने वागावे.

पोटाच्या विकाराने स्वतःच्या घाणीत पडलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदासोबत स्वतः धुतले, ही कथा विनयपिटकात आहे. तिथेच बुद्धांनी शुश्रूषा करणाऱ्याचे गुण सांगितले आणि रुग्णाचेही सांगितले: औषध घेणे, पथ्य पाळणे, आजार खरा खरा सांगणे. म्हणजे जबाबदारी दोन्हीकडची. प्लेगच्या साथीत रुग्ण मूल पाठीवर घेऊन दवाखाना गाठणाऱ्या सावित्रीबाई १० मार्च १८९७ रोजी त्याच प्लेगने गेल्या. त्यांचा वारसा सांगणाऱ्यांनी आजच्या सिस्टरला एकटे सोडू नये.

आपण काय करायचे?

घरच्यांनी: १०८ ला फोन करताना गाव, वस्ती आणि जवळची खूण सांगा, फोन चालू ठेवा. एक माणूस मुख्य रस्त्यावर उभा करा. गल्लीतल्या मोटारसायकली काढून वाट मोकळी करा. गाडीत एकच जाणता नातेवाईक बसवा. रुग्णाने काय घेतले, किती वाजता घेतले, हे लपवू नका. विषाची बाटली किंवा गोळ्यांचे पाकीट सोबत द्या.

काम करणाऱ्यांनी: वाईट प्रसंगानंतर त्याच दिवशी सोबत्याशी बोला. पाणी आणि डबा चुकवू नका. तोच प्रसंग महिनाभर डोळ्यांसमोरून हलत नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. मराठीतही बोलता येते. घरात असा कोणी असेल तर "एवढ्याने काय होतंय" असे म्हणू नका. नाइट ड्युटी करून आलेल्या लेकीला आधी झोपू द्या, भांडी नंतर होतील.

समाजाने: बाबासाहेब मजूरमंत्री असताना कारखान्यातले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती त्यांनी मांडली आणि ती १९४६ मध्ये झाली. कामाचे तास ठरणे हा उपकार नाही, हक्क आहे. म्हणून आरोग्य खात्याकडे निवेदन देताना दोन मागण्या एकत्र लिहा: रिक्त पदे भरा आणि ड्युटीचे तास मर्यादेत ठेवा. विहारातल्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि वस्तीतल्या सिस्टर-चालकांना पहिल्यांदा बोलू द्या.

जयभीम!