द्राक्षगर्भ: बाळाविना वाढणारी वार

मार्चात लातूरच्या गंजगोलाईत द्राक्षांच्या हातगाड्या लागतात. त्या घडातले अगदी बारके, पाणीदार मणी डोळ्यांसमोर आणा. तसेच मणी क्वचित गर्भाशयातही धरतात. बाळ बहुधा नसतेच, फुगलेली वार तेवढी वाढत राहते. वैद्यकाने नावही तेच दिले आहे: द्राक्षगर्भ.

सुरुवात नेहमीसारखीच. पाळी चुकते, पट्टीवर दोन रेघा उमटतात. मग दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ‘अंगावरून लाल जायला’ लागते. कधी काळपट, कधी त्यात एखादा मणीही. उलट्या हटत नाहीत, पोट महिन्यांच्या मानाने मोठे दिसते. पट्टी ज्याने रंगते ते एचसीजी वारेत तयार होते, आणि इथे तर सगळी वारच! सोनोग्राफीत जे दिसते त्याला पुस्तके हिमवादळ म्हणतात. मराठवाड्याच्या भाषेत गारांचा सडा.

खरे नवल पुढेच आहे. पूर्ण द्राक्षगर्भात, म्हणजे बाळ अजिबात नसलेल्या प्रकारात, आईच्या बीजातले केंद्रकच हरवलेले असते. बहुतेक वेळा एकच शुक्राणू आत शिरतो आणि आपली 23 गुणसूत्रे दुप्पट करून 46 चा हिशेब जुळवतो. आकडा बरोबर, पण वारसा सगळा बापाचा. 1977 मध्ये काजी आणि ओहामा या जपानी संशोधकांनी हे दाखवले. 1984 मध्ये केंब्रिजला अझीम सुरानी आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर पाहिले: फक्त नराची जनुके असली की वार वाढते, पिल्लू खुरटते, फक्त मादीची असली की उलटे. बाळाला दोघांचीही गरज असते.

म्हणून ‘सुनेत काहीतरी खोट आहे’ हा घरातला निवाडा शास्त्रात टिकत नाही. दोष बापाचाही नाही. बीज जुळतानाच चुकलेला तो हिशेब आहे.

गर्भाशय रिकामे केल्यावरही एचसीजीची तपासणी चुकवू नये आणि डॉक्टर सांगेपर्यंत पुन्हा दिवस जाऊ देऊ नयेत. उरलेल्या पेशींतून क्वचित कर्करोग होतो. तोही औषधांनी बहुधा पूर्ण बरा होतो. पुढच्या खेपेला शंभरातल्या जवळपास नव्याण्णव जणींना हा त्रास पुन्हा होत नाही.

गरोदरपणात लाल जाण्याची कारणे अनेक. त्यातली कितीतरी साधी असतात. पण कोणते साधे, हे घरी बसून कळत नाही. नांदेडचे विष्णुपुरीतले शासकीय रुग्णालय असो वा लातूरचे, त्याच दिवशी गाठा. रक्त जास्त जात असेल तर आधी 108 ला फोन करा.