विषाणूची कात्री

शिंपी कापडाच्या एकाच तुकड्यावर सदऱ्याची पाठ, बाह्या आणि गळपट्टी आखून घेतो. परंतु कात्री चालल्यावाचून सदरा तयार होत नाही. रेट्रोव्हायरस या वर्गातील विषाणूंची रीत काहीशी अशीच आहे. एड्सला कारणीभूत होणारा एचआयव्ही-१ हा त्यांपैकीच एक होय.

हा विषाणू मानवी पेशीच्या यंत्रणेकडूनच आपली प्रथिने घडवून घेतो. पण त्यांपैकी बरीचशी सुटी निघत नाहीत. गॅग नावाच्या लांब साखळीत विषाणूचे अंतरंग रचणारी प्रथिने एकापुढे एक जोडलेली असतात. अशा सुमारे वीस साखळ्यांमागे एक अधिक लांब होते. तिच्यात विषाणूच्या विकरांचाही अंतर्भाव असतो. या पूर्वगामी साखळ्या पेशीपटलाशी गोळा होतात आणि तेथून नवा कण अंकुरासारखा बाहेर पडतो. अशा अपरिपक्व कणाला दुसऱ्या पेशीस बाधा करण्याचे सामर्थ्य नसते.

ते सामर्थ्य त्याला प्रोटिएज या विकरामुळे लाभते. हे विकरही त्याच लांब साखळीचा भाग असते. जणू कात्रीही कापडातच आखलेली असावी! तिचे प्रत्येक पाते ९९ अ‍ॅमिनो आम्लांचे असते व दोन सारखी पाती जुळली म्हणजेच ती पुरी होते. मधल्या खोबणीत प्रत्येक पात्याचे एकेक अ‍ॅस्पार्टिक आम्ल समोरासमोर येते. त्यांच्या साहाय्याने पाण्याचा रेणू साखळीतील ठरावीक बंध तोडतो. सुट्या झालेल्या प्रथिनांपैकी काही पटलाला आतून चिकटून राहतात, काही आनुवंशिक द्रव्याला बिलगतात, तर काहींचे त्याभोवती शंकूसारखे कवच बनते. आता कण संसर्गक्षम होतो.

१९८८ मध्ये संशोधकांनी त्या अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या जागी दुसरे अ‍ॅमिनो आम्ल योजून पाहिले. कण तयार झाले, पण ते निष्प्रभ ठरले. पुढील वर्षी विकराची त्रिमितीय रचना उलगडली आणि तिच्या खोबणीत घट्ट बसणारी द्रव्ये शोधली जाऊ लागली. १९९५ च्या डिसेंबरात सॅक्विनाव्हिर या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. एकट्या औषधाला विषाणू रूप पालटून दाद देईनासा होतो. म्हणून ही औषधे इतरांच्या जोडीने दिली जातात. अशा संयुक्त उपचारांमुळे १९९७ पर्यंत अमेरिकेतील एड्सचे मृत्यू झपाट्याने घटले. आधीच बाधित झालेल्या पेशी या औषधांनी मुक्त होत नाहीत. परंतु त्यांतून निघणारे नवे कण अपुरेच राहतात, आणि रोग्याच्या आयुष्याची दोरी बळकट होते.