वर्गाची वेबसाइट बनवायचीय? खर्च शून्य, पण ‘पब्लिश’ दाबण्याआधी हे वाचा

‘उद्या कोणता पेपर आहे?’ ‘सहलीचे पैसे कधीपर्यंत भरायचे?’ वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे प्रश्न रोज येतात. उत्तर आधीच दिलेलं असतं, पण ते ‘गुड मॉर्निंग’च्या खाली गाडलं गेलेलं असतं. यावर सोपा उपाय म्हणजे वर्गाची छोटीशी वेबसाइट. ती बनवायला कोडिंग यावं लागत नाही.

काय लागतं?
एक गूगल खातं, एक संगणक आणि इंटरनेट. ‘गूगल साइट्स’ ही सेवा मोफत आहे. साइट बनवताना संगणक वापरा. पालकांना पाहायला मोबाइल पुरेसा आहे.

पानं किती ठेवावीत?
चार पुरतात: सूचना, गृहपाठ, वेळापत्रक आणि अभ्यासाच्या फाइल. पालक सूचनांसाठीच येतात, म्हणून त्या पहिल्या पानावर ठेवा.

कशी बनवायची?
• नवी साइट उघडा, वर्गाचं नाव द्या आणि उजवीकडच्या यादीतून पानं जोडा.
• मजकूर युनिकोड मराठीत टाइप करा. सूचनेचा फोटो टाकला तर त्यातली अक्षरं मोबाइलवर बारीक दिसतात आणि कॉपीही करता येत नाहीत.
• ‘प्रिव्ह्यू’मध्ये साइट मोबाइलवर कशी दिसते ते तपासा.
• ‘पब्लिश’ करा आणि लिंक ग्रुपवर पिन करा.

नेमकं कुठे अडतं?
दोन ठिकाणी. पहिलं, साइटवर बदल केल्यावर पुन्हा ‘पब्लिश’ दाबावं लागतं, नाहीतर पालकांना जुनंच दिसत राहतं. दुसरं, ड्राइव्हवरच्या फाइलची परवानगी वेगळी असते. साइट सर्वांसाठी खुली असली, तरी फाइल शेअर केलेली नसेल तर ती उघडत नाही.

मुलांचे फोटो टाकायचे का?
सगळ्यात जास्त विचार इथे हवा. खुली साइट लॉगिनशिवाय दिसते, म्हणजे लिंक मिळालेल्या कुणालाही दिसते. नाव, शाळा, इयत्ता आणि चेहरा एकत्र आले, की अनोळखी माणसाला मूल ओळखता येतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील प्रत्येक जण ‘बालक’ आहे. त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद या कायद्यात आहे.

त्यामुळे गुणांची यादी, हजेरीपट, आधार क्रमांक, पालकांचे मोबाइल नंबर यातलं काहीही साइटवर नको. मुलांचं कौतुक करायचं तर त्यांची चित्रं, प्रयोगाची मॉडेल्स, हस्तकला दाखवा. चेहरे दाखवायची गरज नाही. पब्लिश सेटिंगमध्ये ‘सर्च इंजिनने ही साइट दाखवू नये’ अशी विनंती करण्याचा पर्याय असतो, तोही निवडा. पण त्याने साइट खासगी होत नाही, फक्त सर्चमधून सापडण्याची शक्यता कमी होते.

शिक्षकांची बदली झाली तर?
वैयक्तिक खात्यावर बनवलेली साइट त्या शिक्षकांबरोबरच जाते. म्हणून ती शाळेच्या खात्यावर बनवा आणि आणखी एका शिक्षकाला ‘एडिटर’ करा. वर्ष संपलं की जुन्या सूचना काढून टाका. पालकांनी एकदा उघडल्यावर मागच्या वर्षीचं वेळापत्रक दिसलं, तर पुढच्या वेळी ते पुन्हा ग्रुपवरच विचारतील.