तगरची बाजारपेठ आणि शुभवर्तमानातील दाने

धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी वसलेले तेर हे गाव मराठी माणसाला गोरोबाकाकांमुळे ठाऊक असले, तरी इ. स.च्या पहिल्या शतकातील एका अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या वाटाड्या ग्रंथात ते ‘तगर’ म्हणून येते, आणि तेथील साधे कापड व मलमल गाड्यांत लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराकडे जाई, अशी नोंद त्यात आहे. त्या व्यापाराची खूण कापडात उरणे शक्य नव्हते. मात्र तेरच्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या भारतीय मूर्तीशी असलेले साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. शुभवर्तमाने, म्हणजे येशूची चरित्रे, साधारण याच शतकात लिहिली गेली. भडोचला पश्चिमेकडून सोन्याचांदीची नाणी उतरत, तेथून जटामांसी, गुग्गुळ आणि हस्तिदंत चढे, तर ऊद सिंधूच्या मुखाजवळील बंदरात येई. धर्मशास्त्र्यांनी शुभवर्तमानातील दानांचा अर्थ पुढे कितीही उंच नेला, तरी त्या वस्तू आधी या बाजारातल्या आहेत.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ताऱ्यांचे जाणकार, बाळ येशूला सोने, ऊद आणि गंधरस अर्पण करतात. ते तिघे होते असे मत्तय कोठेही सांगत नाही, दाने तीन म्हणून परंपरेने माणसेही तीन केली. या दानांसाठी मूळ ग्रीकमध्ये जो ‘दोरोन’ शब्द आहे, तोच दुसरा शुभवर्तमानकार मार्क याने ‘कोर्बान’ या हिब्रू शब्दाचा अर्थ सांगताना वापरला आहे. कोर्बान म्हणजे मंदिरात वाहिलेले अर्पण. त्याचा धातू ‘जवळ येणे’ या अर्थाचा असून आपल्याकडे रुळलेला ‘कुर्बानी’ हा शब्द त्याच सेमिटिक कुळातला आहे. त्यामुळे मागींची भेट ही राजदरबारातील नजराण्याइतकीच वेदीवरील अर्पणाच्याही भाषेत सांगितलेली आहे.

दुसऱ्या शतकाच्या अखेरीस लियोंचा बिशप इरेनियस याने सोने राजाला, ऊद देवाला आणि गंधरस मरणार असलेल्याला, अशी फोड केली आणि तीच पुढे रूढ झाली. ती जरा जास्तच नेटकी आहे. जुन्या करारातील यशयाच्या साठाव्या अध्यायात शबा देशाहून येणाऱ्या भेटींत सोने आणि ऊद असताना गंधरस मात्र नाही, हे पाहता खरा प्रश्न या तिसऱ्या वस्तूचाच उरतो. क्रुसाजवळ येशूपुढे धरलेल्या द्राक्षारसात गंधरस मिसळलेला आहे, आणि निकदेम त्याच्या दफनासाठी गंधरस व अगरू यांचे सुमारे शंभर रोमन रत्तल मिश्रण आणतो, त्यामुळे जन्मकथेतच मरणाची छाया पडते. मराठी वाचकाला यात एक वेगळीच गंमत दिसेल, कारण हा गंधरस म्हणजे आपल्या काष्ठौषधींच्या दुकानातला हिराबोळ, आणि बोळ म्हटला की मराठी घरात आठवते ती बाळंतीण.

शुभवर्तमानांतील वस्तूंशी भारताचा थेट धागा जुळतो तो मात्र जटामांसीत. ही हिमालयातील वनस्पतीची मुळी. पेरिप्लसनुसार तिची भडोचकडची वाट उज्जैनवरून जाई, म्हणून ती तेरहून गेली असे म्हणणे ओढूनताणून होईल. बेथानी गावात एक स्त्री जटामांसीचे तेल येशूवर ओतते, तेव्हा त्याची किंमत तीनशे दिनारांहून अधिक सांगितली जाते, आणि मत्तयातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मजुराचा दिवसाचा रोज एक दिनार आहे. म्हणजे जवळजवळ वर्षभराची मजुरी एका क्षणात ओतली गेली. ते तेल विकून पैसे गोरगरिबांना का दिले नाहीत, हा आक्षेप योहान हा शुभवर्तमानकार यहूदा या शिष्याच्या तोंडी घालून त्याला चोर ठरवतो, मार्क तो ‘कित्येकांच्या’ नावावर सोडतो. पण आक्षेप मुळात खोटा नाही, आणि हे आपल्या दफनासाठी आहे असे म्हणणारा येशूही तिने केलेला हिशेब चुकला असे म्हणणाऱ्यांचा आकडा खोडून काढत नाही. मार्काच्या कथेत ती कुपीच फोडते, म्हणजे थोडे तेल राखून ठेवण्याची सोयच उरत नाही. योहानाच्या कथेत कुपी फुटत नाही, फक्त घर सुवासाने भरून जाते.